ऑपरेशन उलटं करणारा डॉक्टर

दिल्लीला यायला बाकी सगळ्यांनी नकार दिला आणि एका जोडप्याने आमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत होकार दिला. आमच्या संचालकांना यात प्रकल्पाचं यश दिसलं. "बघ, केवढा आत्मविश्वास आलाय त्यांच्यात," ते मला म्हणाले. संचालक मूळचे पुण्याचे, पण दिल्लीत इतकी वर्षं काढलेली की त्यांना कुठल्याही गोष्टीत आधी यश दिसतं आणि मग ती गोष्ट दिसते.

गडचिरोलीकडच्या काही गावांत, जंगलातल्या बंडखोर सशस्त्र दलांमधून शरण येऊन परतलेल्या माणसांकडे लोक कसे बघतात, आणि ते बघणं थोडं सौम्य करता येईल का, यावर आमचं संशोधन चालू होतं. मी त्याची समन्वयक होते. समन्वयक म्हणजे जी कुठेच नसते ती. गावांत आमचे कार्यकर्ते जात, आकडे परदेशात जात, श्रेय संचालकांकडे जाई, आणि मी दक्षिण दिल्लीतल्या एका तळमजल्यावर बसून सगळ्यांना फोन करत असे. आमची पद्धत साधी होती. संध्याकाळी लोकांना गोल बसवायचं, परतलेल्यांपैकी कुणी तरी आपली हकिकत सांगायची, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायची. त्याआधी आणि त्यानंतर लोकांना विचारायचं: याच्या हातचं पाणी प्याल का? याला खोली भाड्याने द्याल का? याच्या शेजारी जेवायला बसाल का? उत्तरांवरून एक आकडा निघे, त्याला 'सामाजिक अंतर' म्हणत. तो थोडा खाली आला होता. त्याचा सोहळा दिल्लीत करायचं ठरलं.

शरण आलेल्यांना सर्वांत मोठी भीती असते जुन्या सोबत्यांची. गावात कोण कोण परतलंय ते सगळ्यांना माहीत असतं. गावाबाहेर ते कुणाला कळता कामा नये. म्हणून दिल्लीच्या कार्यक्रमात ते पडद्यामागे बसणार होते आणि प्रकल्पाने दिलेल्या नावांनी बोलणार होते. ती नावं आम्ही त्यांच्याकडून फोनवर घोटून घेतली होती. दलात असताना त्यांची नावं वेगळी होती, आईबापांनी ठेवलेली वेगळी, आणि आता ही तिसरी. संचालकांनी खास बजावलं होतं: दिल्लीत पाऊल ठेवल्यापासून हेच नाव, दुसरं तोंडातून निघता कामा नये.

मी त्यांना स्टेशनावर घ्यायला गेले. तो तिशीच्या पुढचा, हडकुळा, नजर सतत फलाटाच्या दोन्ही टोकांना. ती त्याच्याहून थोडी लहान, हातात कापडी पिशवी. नमस्कार झाला, प्रवास कसा झाला ते विचारून झालं, आणि गाडीत बसता बसता ती म्हणाली, "ताई, तो ऑपरेशन उलटं करणारा डॉक्टर इथून किती दूर हाय जी?"

मला काही कळेना. "कुठला डॉक्टर?"

"तुमचा तो गोल बसवनारा पोरगा बोल्ला होता ना. दिल्लीले लय मोठा डॉक्टर हाय, नसबंदी उलटी करते. म्हनूनच तर आलो आमी."

तो खिडकीबाहेर बघू लागला. एका अनोळखी बाईसमोर ही चर्चा सुरू झाल्यावर पुरुषाने दुसरीकडे कुठे बघायचं?

तिने ते सगळं गाडीतच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. दलात लग्नाला परवानगी मिळते, मुलांना मिळत नाही. मूल म्हणजे रडणं, आणि रडण्याचा आवाज जंगलात दूर जातो. म्हणून लग्नाआधी पुरुषाची नसबंदी. त्याची झाली होती एका झाडाखाली, ताडपत्रीवर. करणारा कोण होता, शिकलेला होता की नव्हता, ते त्यांना माहीत नव्हतं. शरण आल्यावर जिल्ह्याला एका शिबिरात ती नस पुन्हा जोडून दिली. वर्षं गेली, काही झालं नाही. आता ज्या वस्तीत राहतात तिथल्या बायका हिला बारशाला बोलवत नाहीत.

"पानी देतात आता," ती म्हणाली. "तुमच्या त्या गोलानं तेवढं झालं, खोटं काहून बोलू. पन पोराले हात लावू देत नाई. मले वांझ म्हनतात. याच्या हातानं लोकं गेले, म्हनून देवानं हिची कूस बंद केली, म्हनतात."

पाणी, खोली, जेवण. आमच्या प्रश्नांत सगळं होतं. मुलाला हात लावू द्याल का, हे विचारायचं परदेशातल्या तज्ज्ञांना सुचलं नव्हतं आणि मलाही नाही.

त्यांची सोय कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात केली होती. तिथल्या जेवणघरात वाढणाऱ्याने मराठी ऐकून आपुलकीने विचारलं, "कुठलं गाव पाव्हणं?" तो म्हणाला, "नागपूर." नागपूर त्याने दोनदा पाहिलं असेल, दोन्ही वेळा पोलिसांच्या गाडीतून. मी बाहेर येऊन संचालकांना फोन लावला.

"बिल्कुल नाही," ते म्हणाले. "यार, तू इतकी वर्षं या क्षेत्रात आहेस. सहभागींना उपचार मिळवून देणं म्हणजे प्रलोभन. आपल्या नीतिसमितीने स्पष्ट लिहिलंय. उद्या कुणी म्हणालं की डॉक्टरच्या आशेने यांनी आपल्याला हवी ती उत्तरं दिली, तर?"

"डॉक्टरच्या आशेनेच आलेत ते."

"मग ते मला सांगू नकोस," संचालक म्हणाले. "मी ऐकलेलं नाही." ज्या माणसाच्या प्रकल्पाचा सगळा भर ऐकण्यावर होता, त्याचं हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

त्या संध्याकाळी मी दोघांना द्वारकेला घरी जेवायला नेलं. माझी लेक अकरावीत आहे, दिल्लीतच वाढलेली. पाहुणे कुठले, हे तिला मोघम सांगितलं होतं. जेवताना ती बाई आपल्या वस्तीबद्दल बोलत होती, आणि मध्येच लेकीने विचारलं, "आई, वांझ म्हणजे काय?"

मी भाताचं भांडं पुढे ओढलं. मग त्या बाईनेच तिला विचारलं, "तुले खरंच नाई माहीत?"

"नाही ना. नेव्हर हर्ड."

बाई तिच्याकडे बघत राहिली, एखाद्या परदेशी फळाकडे बघावं तशी. मग हसली. दिल्लीत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. "बरं हाय," ती म्हणाली. "नोको शिकू." लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी तिला भात वाढला. एक आकडा थोडा खाली आणायला आमच्या प्रकल्पाने केवढा आटापिटा केला होता; द्वारकेच्या बाराव्या मजल्यावर एक अख्खा शब्द कुणी न मारता मेला होता. याचा अहवालात काय उपयोग, ते मला सुचलं नाही.

जेवणानंतर मी फोन करत बसले. खासगी डॉक्टरांपैकी एकाची वेळ पुढच्या महिन्यातली होती. दुसऱ्याला आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद हवे होते, ते जिल्ह्याच्या रुग्णालयात राहिलेले. गावाबाहेर राहायला त्यांना पोलिसांनी मोजक्या दिवसांची परवानगी दिली होती, परतीची गाडी ठरलेली होती. राहिली होती एक सकाळ, आणि दुपारनंतर कार्यक्रम. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच बाहेरचे रुग्ण बघतात, आणि तो वार नेमका दुसऱ्या दिवशीचा होता. इतकं जुळून आल्यावर मला हुरूप आला. दिल्लीत इतकी वर्षं राहूनही.

सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा रांग फाटकापर्यंत आली होती. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. नोंदणीच्या खिडकीशी त्याला एकट्यालाच जावं लागणार होतं. मी त्याला हिंदीत काय सांगायचं ते समजावलं: कुठला विभाग, कुठले डॉक्टर. तो मान डोलावत राहिला. नावाबद्दल मी काही बोलले नाही. आपलं नाव सांगायला कुणाला शिकवावं लागतं?

आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या होतो. ती रांगेतल्या बायकांच्या कडेवरची पोरं बघत होती, उघडपणे, हावरटासारखी. एका बाईने आपल्या पोराचं तोंड पदराने झाकून घेतलं. वस्तीतल्याच बायकांसारखं. आणि या बाईला तर हिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं.

मग खिडकीशी आवाज चढला.

कारकुनाने नाव विचारलं होतं आणि त्याने घोटून घेतलेलं, प्रकल्पाचं नाव सांगितलं होतं. दिल्लीत पाऊल ठेवल्यापासून हेच नाव. कारकुनाने ते लिहिलं, मग आधार कार्ड मागितलं. कार्डावर वेगळंच नाव.

"ये कौन है?" कारकून कार्ड दाखवत विचारत होता.

"मीच. मैं."

"और ये जो बताया, वो कौन है?"

"वो भी मैं."

मागचे लोक हसले. कारकून हसला नाही. कारकून चुकला असं मी म्हणणार नाही. कुणाच्याही कार्डावर कुणीही उपचार घेतं, त्याचा जाब त्यालाच द्यावा लागत असणार. "नाम बता अपना. असली वाला," तो म्हणाला.

 असली नाव कुठलं, हा त्याच्यासाठी कारकुनाला वाटला तेवढा सोपा प्रश्न नव्हता. कारकुनाने पहारेकऱ्याला हाक मारली, पहारेकरी आला, त्याने नुसता याचा दंड धरला. आणि हा खाली बसला. गुडघ्यांवर, दोन्ही हात डोक्यामागे, बोटं एकमेकांत अडकवलेली, मान खाली. कुणी सांगितलं नव्हतं. अशा वेळी जिवंत राहायचं तर काय करायचं, ते त्याच्या शरीराला आमच्या सगळ्यांपेक्षा नीट माहीत होतं.

ती माझ्या शेजारून धावली. मला वाटलं त्याला उठवेल. ती त्याच्या बाजूला तशीच बसली, गुडघ्यांवर, हात डोक्यामागे. तिची पिशवी फरशीवर सांडली.

रांगेतून कुजबुज सुरू झाली. चोर आहेत. बच्चा चोर. हा शब्द रुग्णालयाच्या आवारात काय करू शकतो, ते दिल्लीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. एकाने मोबाइल वर धरला. मी माझी ओढणी काढून दोघांच्या डोक्यांवर टाकली आणि मोठ्याने, हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे चोर नाहीत, हे जंगलातून शरण आलेले लोक आहेत, सरकारचा कागद आहे यांच्याकडे, हे उपचाराला आलेत. जे लपवायला आम्ही एक तिसरं नाव, एक पडदा आणि एक नीतिसमिती बाळगून होतो, ते मी एका श्वासात नोंदणीच्या खिडकीसमोर सांगून टाकलं.

गर्दी मागे सरली. दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयात सकाळच्या वेळी जमिनीचा एवढा तुकडा मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. आमच्या आकड्याला 'सामाजिक अंतर' म्हणतात, ते मला तोवर नुसतंच एक नाव वाटायचं.

"कितने मारे?" मागून कुणी तरी विचारलं. कुतूहलाने, वाईट हेतूने नव्हे.

तिने ओढणीखालूनच उत्तर दिलं, मोडक्या हिंदीत: "तुम्हारे घर का कोई था क्या? नहीं ना? तो काहे गिनता है."

शरणागतीचा कागद तिने पोलक्यातून काढून दिला. कारकुनाने तो दोनदा वाचला आणि परत देताना त्याचा आवाज उतरला होता. "मैडम, नाम एक रखो. फिर आओ," तो मला म्हणाला. पण तोवर नोंदणी बंद झाली होती. मी डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. ते शस्त्रक्रियेला आत गेले होते. दारावरच्या परिचारिकेने सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. मी म्हटलं, उद्याची गाडी आहे. ती म्हणाली, सगळ्यांचीच असते.

बाहेर येऊन मी त्यांना हे सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यानंच झालं."

"तुमच्याने नाही. नाव आम्ही दिलं होतं," मी म्हणाले.

"ते बी खरं," ती म्हणाली. मग मी विचारलं, तुम्ही का बसलात तशा? तर म्हणाली, "एकट्याले बसू द्याचं नसते जी. एकटा बसला का मारतात."

संचालकांचे फोन वाजत होते. आम्ही थेट सभागृहात गेलो.

सोहळा यथासांग झाला. समई पेटेना, कारण वातानुकूलनाचा झोत नेमका तिच्यावर होता. तीन मान्यवरांनी तीन काड्या घालवल्या आणि टाळ्या तिन्ही वेळा झाल्या. प्रमुख पाहुणे एक निवृत्त बडे अधिकारी होते. त्यांनी आपण सेवेत असताना किती खोल जंगलात गेलो होतो ते सांगितलं आणि त्या भाषणात जंगलातल्या माणसांखेरीज सगळं आलं: जीप, डाक बंगला, एक बिबट्या. आमचा पडदा खादीचा, सायीच्या रंगाचा होता. रंगावर दोन बैठका झाल्या होत्या. मागून दिवा लागल्यावर आमच्या तिघांच्या सावल्या त्यावर कळसूत्री बाहुल्यांसारख्या पडल्या. मी मध्ये बसले होते, इंग्रजीत भाषांतर करायला.

तो बोललाच नाही. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून ठेवले होते. ती बोलली. ठरवलेलंच बोलली: गावाने आधी पाणी दिलं नाही, मग ऐकण्याची बैठक झाली, मग एका म्हातारीने हातात लोटा ठेवला. हे सगळं खरं होतं. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. लोट्यापाशी तिने थांबायचं होतं. ती थांबली नाही.

"आता माझं एक काम हाय," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याची दलात नसबंदी केली. ते एकदा जोडून पायलं, नाई जमलं. ते उलटं करणारा डॉक्टर आमाले पायजे. आमची उद्या गाडी हाय. इथं एवढे मोठे लोकं बसले, कोनाच्या वळखीचा असन तर सांगा. आमी पाया पडतो."

पडद्याच्या फटीतून मला पहिल्या रांगेतले संचालक दिसत होते. त्यांनी मान हलवली, हलकेच, डावी-उजवी. मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द, 'पाया पडतो'सुद्धा, जे इंग्रजीत फार विचित्र लागतं.

 मग प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांच्या मागून सगळ्यांनी. काहीजण उभे राहिले.

तिने माझा हात धरला. "काय म्हनतात? हाय का कोनी?"

"टाळ्या वाजवतायत."

"ते आयकू येते जी. डॉक्टर हाय का?"

संचालकांनी ध्वनिक्षेपक घेतला होता. आपण आत्ता जे अनुभवलं त्यावर आणखी शब्द नकोत, असं म्हणून ते बराच वेळ बोलले. चहाच्या वेळी मी पडद्यामागून बाहेर आले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. शिष्टाचार वगैरे सकाळीच संपला होता. एका बाईंचे डोळे अजून ओले होते. त्या म्हणाल्या, मला मेल करा, मी नक्की बघते. मी उभ्या उभ्या तिथेच मेल केला. एका तरुण प्राध्यापकाला तिच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण हवं होतं. प्रमुख पाहुण्यांच्या ओळखीत एक शल्यविशारद होते, पण ते मणक्याचे. संचालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी समजू शकतो. पण अच्छा नाही झालं हे." मी म्हणाले, नाही झालं. आमचं ते एकमेव एकमत.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी फोन करत होते. ओल्या डोळ्यांच्या बाईंचं उत्तर आलं नाही.

स्टेशनावर गाडी लागली होती. ती सामान लावायला आत गेली. तो दारापाशी माझ्यासमोर उभा राहिला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला.

"ताई, पुढच्या बारीले पडदा नोका लावू."

"का हो?"

"तोंड दिसलं त कोनी तरी येईन पुढं. पडद्याले कोन डॉक्टर देते?"

"तुमच्या जिवाला धोका आहे," मी म्हणाले. हे मी त्याला सांगत होते.

"हाय ना," तो म्हणाला. "हाय. मंग? तुमी मोठ्या हॉलात बसवा. खरं नाव सांगतो, तेच एक. फोटू काढा म्हनाव. ती बी बसते, मी इचारलं तिले रातच्याले."

ती दारात येऊन उभी राहिली होती. नाही म्हणाली नाही.

पुढची बारी नव्हती. तो शेवटचा कार्यक्रम होता. महिनाअखेरीस प्रकल्प संपत होता, माझी नोकरीही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम समन्वयकाचं असतं.

"विचारते," मी म्हणाले.

त्याचं समाधान झालं. तो आत जाऊन खिडकीशी बसला. ती मात्र गाडी हलेपर्यंत दारातच उभी राहिली, दांडा धरून, माझ्याकडे बघत. 'विचारते' म्हणजे काय, ते तिला कळलं होतं. तिने त्याला सांगितलं नाही.